प्रती हव्या तितक्या काढा, नाव मात्र पुसू नका

निषेधासाठी कोरलेल्या मुद्राचित्राच्या, म्हणजे ठोकळ्यावर कोरून शाईने कागदावर छापलेल्या चित्राच्या, प्रती किती काढायच्या आणि त्यावर नाव कोणाचं घालायचं? कला-बाजाराचं उत्तर ठरलेलं आहे. प्रती मोजक्या, सही ठळक. चळवळींचं उत्तर याच्या उलट असतं. प्रती अगणित, सही नकोच, चित्र सगळ्यांचं. मेक्सिकोतल्या स्त्री मुद्राचित्रकारांचं काम गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत या दोन उत्तरांच्या कात्रीत सापडलं आहे. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धीच बरोबर आहेत. प्रती अमर्याद असाव्यात, कारण त्यासाठीच ही कला उभी राहिली. नाव मात्र पक्कं असावं, कारण निनावीपणाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. ती बायकांनी जास्त मोजली.

१९३७ साली लेओपोल्दो मेन्देस, लुइस आरेनाल आणि पाब्लो ओ'हिगिन्स यांनी मेक्सिको सिटीत 'तायेर दे ग्राफिका पोपुलार', म्हणजे लोकांसाठीची मुद्राचित्र कार्यशाळा सुरू केली. कामगार संघटना, शिक्षक, शेतकरी यांना लागणारी भित्तिपत्रकं आणि हस्तपत्रकं तिथे तयार होत. त्याआधी होसे ग्वादालुपे पोसादा या मुद्राचित्रकाराने स्वस्त छापील कागदांवर सांगाडे नाचवून रस्त्यावरच्या माणसाला चित्र वाचायची सवय लावली होती. ती परंपरा कार्यशाळेने उचलली आणि तिला राजकीय शिस्त दिली. सदस्य एकमेकांच्या कच्च्या आराखड्यांवर एकत्र बसून चर्चा करत, दुरुस्त्या सुचवत आणि मगच कोरायला घेत. हे सामूहिकपण खरं होतं. त्यातून उत्तम काम निघालं, यात शंका नाही.

मारियाना याम्पोल्स्की शिकागोहून येऊन १९४५ साली कार्यशाळेत दाखल झाली. एलिझाबेथ कॅटलेट ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय कलाकार १९४६ साली आली. पुढे फॅनी राबेल, आंद्रेआ गोमेस, सेलिया काल्देरोन, सारा हिमेनेस यांनी तिथे काम केलं. १९४७ साली कार्यशाळेने मेक्सिकन क्रांतीवरचा ८५ लिनोकटचा, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांचा, संच काढला. तो तिच्या सर्वांत गाजलेल्या कामांपैकी एक. त्यात १६ कलाकार होते आणि त्या सोळांत बाई एकच, याम्पोल्स्की. ज्या क्रांतीत बायका बंदुका घेऊन, पोरं पाठीला बांधून सैन्याबरोबर चालल्या, तिच्या चित्रसंचात हे प्रमाण. सामूहिक कामाची भलामण करताना हा आकडा समोर ठेवायला हवा.

आता प्रतींचा मुद्दा. त्यासाठी लिनो हे साहित्य आधी समजून घ्यायला लागतं. लिनोलियम म्हणजे आटवलेलं जवसाचं तेल, राळ, बुचाचा किंवा लाकडाचा भुसा, आणि मागे तागाचं कापड. जमिनीवर अंथरायची ही वस्तू, त्यामुळे मिळायला सोपी आणि स्वस्त. लाकडासारखे तिला रेशे नसतात, म्हणून कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच चालते. कोरायच्या जाडीचा तुकडा साधारण तीन-सव्वातीन मिलिमीटरचा असतो. रेषांसाठी व्ही आकाराची कोरणी, मोठी जागा उकरायला यू आकाराची. खोली एक-दीड मिलिमीटर पुरते. तागापर्यंत गेलात तर कडा कमजोर होते आणि शाई लावताना तिथे धागे वर येतात. थंडीत लिनो कडक होतो, कोरणी घसरते आणि ती बहुतेक वेळा डाव्या हातात घुसते. तुकडा उन्हात किंवा गरम इस्त्रीजवळ पाच-दहा मिनिटं ठेवला की लोण्यासारखा कापला जातो. जुना लिनो मात्र तेल वाळल्यामुळे भुगा होऊन तुटतो, त्याला ऊन दाखवूनही उपयोग होत नाही.

शाई लावताना थर पातळ हवा. काचेवर रूळ फिरवताना बारीक चरचर ऐकू आली की प्रमाण बरोबर समजायचं. पचपच असा ओला आवाज आला तर शाई जास्त झाली, आणि पहिल्या दोन-तीन प्रतींतच बारीक पांढऱ्या रेषा बुजतात. हाताने छापायचं तर कागद ठेवून मागून लाकडी चमचा घासायचा. मध्यम आकाराच्या एका प्रतीला त्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. पण लिनोचं खरं सामर्थ्य छापखान्यात दिसतं. शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांची, उंची सुमारे साडेतेवीस मिलिमीटर असते. वीस मिलिमीटरच्या लाकडी ठोकळ्यावर लिनो चिकटवला आणि खाली कागदाच्या एक-दोन पट्ट्या सारल्या, की चित्र खिळ्यांच्या बरोबरीला येतं. मग जुळाऱ्याने लावलेला मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापून निघतं. म्हणून कार्यशाळेच्या भित्तिपत्रकांत चित्र आणि घोषणा एकाच काळ्या शाईत दिसतात. नीट कोरलेला लिनो शेकडो प्रतींना हूं की चूं करत नाही, काळजी घेतली तर हजारांतही जातो. आधी झिजतात त्या केसाएवढ्या बारीक रेषा. अनुभवी कोरणारी त्या मुळातच जरा जाड ठेवते.

मग पन्नास किंवा साठ प्रतींवर थांबायचं कारण काय? लिनो तिथे थांबत नाही. थांबतो तो बाजार. '१२/६०', म्हणजे साठांतली बारावी प्रत, असं पेन्सिलीने लिहायचं आणि शेवटी ठोकळ्यावर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा, ही रीत टंचाई निर्माण करण्यासाठी आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या चित्राला (ड्रायपॉइंटला) ती काही अंशी शोभते, कारण तिथला मऊ काठ खरोखरच थोड्या प्रतींत दबून जातो. लिनोला हे लागू नाही. निषेधाच्या लिनोला तर मुळीच नाही.

कॅटलेटचं 'शेअरक्रॉपर' घ्या. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारी कृष्णवर्णीय बाई. रुंद काठाची गवती टोपी, खाली पांढरे केस, मान किंचित वर आणि नजर बाजूला. आपण तिच्याकडे खालून पाहतो, म्हणजे पाहणाऱ्याची जागा कॅटलेटने आधीच ठरवून टाकली आहे. टोपीचं विणकाम, चेहऱ्याची हाडं आणि अंगरखा यांसाठी कोरणीचे फटके वेगवेगळे. टोपीवर ते आखूड आणि गोल फिरत जातात, गालावर स्नायूंच्या दिशेने लांब. आणि गळ्याशी, जिथे बटण असायला हवं, तिथे एक सेफ्टी पिन. काळ्यावर पांढऱ्या चार-पाच रेघांत कोरलेली ती पिन तिच्या साऱ्या हिशेबाची वही उघडते. पीक निघालं, मालकाने बियाणं, अवजारं, उधारी वजा केली, उरलं ते एवढंच. हे चित्र १९५२ सालचं. आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेली रंगीत आवृत्ती १९६८ ते १९७० या काळात, ६० प्रतींत छापलेली आहे. छपाई कॅटलेटने कार्यशाळेच्या होसे सान्चेस या छपाईकाराबरोबर केली, आणि संग्रहालयाच्या नोंदीत त्याचंही नाव आहे. ही नोंद मला आदर्श वाटते. साठ हा आकडा मात्र खटकतो. शेतमजूर बाईचं हे चित्र शेतमजूर बाईच्या घरात जाऊ शकत नाही, ते लिलावात फिरतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कलाकाराने खायचं काय? विशेषतः बाईने, जिच्या नावावर आधीच कमी कामं येतात? कॅटलेट १९५८ पासून १९७५ पर्यंत राष्ट्रीय कला विद्यालयात शिल्पकला शिकवत होती, म्हणून तिचा संसार चालला. याम्पोल्स्की पुढे छायाचित्रणाकडे वळली आणि मुलांच्या पुस्तकांच्या कामात रमली. मुद्राचित्रांवर पोट भरणं दोघींनाही जमलं नसतं. म्हणून मी मोजक्या आवृत्तीवर बंदी घाला असं म्हणत नाही. एकाच ठोकळ्यातून दोन आवृत्त्या काढता येतात. एक सुती कागदावर, क्रमांक आणि सहीसह, संग्राहकासाठी. दुसरी साध्या कागदावर, बिनक्रमांकाची, संघटनांसाठी. कार्यशाळेनेही संग्राहकांसाठी चांगल्या कागदावरचे संच आणि रस्त्यासाठी पत्रकं, असा दोन्ही व्यवहार केला. माझी अट एकच आहे. ठोकळ्यावर रेघ मारू नका.

कायद्याचा अडथळा याहून मोठा आहे. मेक्सिकोत २००३ पासून लेखक-कलाकाराच्या मृत्यूनंतर १०० वर्षं हक्क राखीव राहतात. भारतात हीच मुदत ६० वर्षांची आहे. आंद्रेआ गोमेस २०१२ साली वारली. मुलाला छातीशी कवटाळून युद्धाला विरोध करणाऱ्या आईचं तिचं चित्र १९५६ सालचं. ते सगळ्यांनी मोकळेपणाने छापायचं तर २११२ संपेपर्यंत थांबायचं! युद्धविरोधी चित्राला दीडशे वर्षांचं कुलूप लावणं कोणाच्याही हिताचं नाही. वारसांनी आणि संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांनी अशा कामांना खुला परवाना द्यायला हवा. विक्रीसाठी छापायचं तर परवानगी आणि मोबदला, मोर्च्यासाठी, वर्गासाठी, भिंतीसाठी छापायचं तर फक्त नाव द्या. एवढी साधी तरतूद पुरेल.

आणि हे 'फक्त नाव द्या' चळवळीतल्या पुष्कळांना पटत नाही. नाव म्हणजे अहंकार, बुर्झ्वा सवय, असं ते म्हणतात. या युक्तिवादाचा परिणाम काय झाला ते कागदाच्या रसायनात बघायला मिळतं. भित्तिपत्रकं वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जात. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात तसंच असतं, उजेडात आणि हवेत ते आम्ल सोडतं, कागद आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि घडीवर तुटतो. चांगल्या कागदावरच्या, सही केलेल्या प्रती टिकल्या. साहजिकच पुढच्या इतिहासकाराच्या हातात सहीवाले कागद आले, आणि सह्या जास्त करून पुरुषांच्या होत्या. बायकांनी रातोरात कोरलेलं संपाचं पत्रक एक तर भुगा झालं किंवा 'कार्यशाळा, सामूहिक' अशा शिक्क्याखाली गेलं. सामूहिक या शब्दाखाली वाचकाच्या मनात आपोआप मेन्देस येतो, काल्देरोन येत नाही.

शिवाय नाव न लावल्याने बायका सुरक्षित राहिल्या असंही घडलं नाही. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं कलम ३३ परदेशी व्यक्तीला देशाच्या राजकारणात पडायला मनाई करतं, आणि हकालपट्टीचा अधिकार सरकारला देतं. कॅटलेटच्या डोक्यावर ही तलवार कायम होती. रेल्वे कामगारांच्या संपाच्या काळात तिला अटक झाली. १९६२ साली तिने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा अमेरिकेने तिला 'नकोशी परदेशी' ठरवून तिच्याच जन्मभूमीत यायला अनेक वर्षं बंदी घातली. शिक्षा देताना दोन्ही सरकारांना तिचं नाव नीट ठाऊक होतं. श्रेय देतानाच ते सामूहिक का व्हावं?

नाव आणि समूह यांत विरोध आहे ही समजूतच तपासायला हवी. कॅटलेटने १९४६-४७ मध्ये कार्यशाळेत कृष्णवर्णीय स्त्रीवर पंधरा लिनोकटची मालिका केली. तिच्या शीर्षकांत पहिल्या चित्रापासून 'मी' बोलते. मी कष्ट केले, शेतात, दुसऱ्यांच्या घरात. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनच्या रूपाने मी शेकडोंना स्वातंत्र्याकडे नेलं. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या सोजर्नर ट्रूथच्या रूपाने मी स्त्रियांच्या हक्कांसाठीही लढले. आणि मग वेगळी घरं, वेगळ्या बसायच्या जागा, आपल्या माणसांबद्दलची वेगळी भीती. त्या भीतीच्या चित्रात दोराने मारलेला माणूस जमिनीवर पडलेला आहे. हा 'मी' एका बाईचाही आहे आणि लाखोंचाही. टबमनचं नाव घेतल्याने मोलकरणीचं चित्र लहान होत नाही. उलट नाव असलेल्या बाईशेजारी उभी राहून बिननावाची बाईही इतिहासात शिरते. मालिकेची रचना तेच सांगते, आणि तिच्या पानापानावर कॅटलेटची सही असण्याने त्यात काही बिघडत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला रिनी टेम्पलटन. जन्माने अमेरिकन, १९७४ पासून मेक्सिकोत. तिने प्रती काढण्याचं साधनच बदललं. ती काळ्या शाईत, मधल्या करड्या छटा पूर्ण टाळून चित्रं काढायची, कारण ती झेरॉक्स मशीनवरून जाणार होती. झेरॉक्समध्ये करडा भाग एक तर उडतो किंवा काळा डाग होतो. प्रतीची प्रत काढत गेलं की बारीक रेषा तुटतात, म्हणून तिची रेघ जाड, मोकळी आणि थोडकी. भाकरी भाजणारी बाई, संपावरची शिवणकामगार, मोर्च्यातले हात. हजारो चित्रं तिने संघटनांना दिली, सही सहसा नसे. १९८६ साली ती वारली, तेव्हा ही चित्रं अनेक देशांतल्या पत्रकांवर विखुरलेली होती. तिच्या स्नेह्यांनी ती गोळा केली, विषयवार लावली आणि चळवळींनी खुशाल वापरावीत म्हणून इंग्रजी-स्पॅनिश ग्रंथात छापली. प्रती मुक्त आणि नाव पक्कं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा मला वाटतो. पण ते स्नेह्यांच्या मायेमुळे जमलं. ज्या बाईला असे स्नेही नव्हते तिचं काय झालं असेल, हेही विचारायला हवं.

दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहरात हा प्रश्न आज जिवंत आहे. २००६ साली संपावरच्या शिक्षकांवर पोलीस तुटून पडले, शहर महिनोन्‌महिने धुमसत राहिलं. १ ऑगस्टला बायका तवे-पातेली वाजवत निघाल्या आणि त्यांनी सरकारी दूरचित्रवाणी केंद्र ताब्यात घेतलं. भिंती मुद्राचित्रांनी भरल्या. त्यानंतर तिथे मुद्राचित्र कार्यशाळांची दाटी झाली, बहुतेक पुरुषांच्या हातात. 'ओखा सांता'सारख्या फक्त बायकांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या त्या या पार्श्वभूमीवर. मशीन कोणाच्या वेळेला मिळणार, जड ठोकळा उचलायला कोणाची मदत लागणार, रात्री भिंतीवर चिकटवायला कोण जाणार, या साध्या गोष्टींवर कोण किती काम करते हे ठरतं. स्वतःची जागा असली की हे प्रश्न सुटतात.

भिंतीवरच्या कामाचे तपशीलही बघा, कारण नाव कुठे जातं ते तिथे कळतं. खळ करायची तर एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल इतपत उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं, चमच्याला धरेल इतकी दाट झाली की उतरवायची. फार दाट राहिली तर कागदाखाली सुरकुत्या धरतात आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो. भिंतीला एक हात, कागदावरून एक हात. तेलाची शाई किमान दोन दिवस वाळलेली हवी, नाही तर वरच्या हाताने काळं फासलं जातं. आणि कागदाच्या कडा सर्वांत आधी उचलतात. पाऊस, वारा, फाडणारे हात, सगळे कडेपासून सुरुवात करतात. पेन्सिलीची सही तिथेच, खालच्या समासात असते. म्हणजे चित्र भिंतीवर महिनाभर राहिलं तरी नाव आठवड्यात जातं.

म्हणून नाव ठोकळ्यातच, चित्राच्या आत कोरावं. उलटं कोरायचं असल्याने आराखडा पातळ कागदावर काढून पालथा घालून उतरवून घ्यावा. रोमन लिपीतले एस आणि एन घाईत हमखास सुलटे कोरले जातात आणि छापात उलटे येतात. सात-आठ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेतलं तर शाईने भरतं. चित्रकार आणि छपाईकार वेगळे असतील तर दोघांची आद्याक्षरं घालावीत. मग झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, कापडावर छापा, नाव चित्राला सोडत नाही.

जिला नाव लावणं धोक्याचं आहे, तिने लावू नये. स्त्रीहत्यांविरुद्ध मेक्सिकोत बोलणाऱ्या बायकांना धमक्या येतात, तिथे तोंड झाकून भिंतीवर चिकटवणारीला सही कर म्हणणं क्रूरपणा होईल. पण निनावी राहायचं हे तिने ठरवलेलं असावं, समूहाच्या सवयीने तिच्यावर लादलेलं नसावं. कार्यशाळेच्या वहीत तरी कोणी कोरलं, कोणी छापलं, कधी, किती प्रती, एवढी नोंद बंद ठेवून जपता येते. धोका सरला की ती वही उघडेल.

जुन्या कामाची अशी वही नाही. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात सान कार्लोस अकादमी आणि 'ला एस्मेराल्दा' या कलाशाळांत लिनो कोरले गेले, स्टेन्सिलवर पत्रकं निघाली, बसगाड्यांवर चिकटवली गेली, आणि जवळजवळ सगळी बिनसहीची. तेव्हा विशीत असलेल्या मुली आज पंचाहत्तरी ओलांडून गेल्या आहेत. संग्रहालयांच्या पेट्यांत ती पत्रकं आहेत, 'अज्ञात' अशा चिठ्ठीसह. मोठ्या आकारात स्कॅन करून ती त्यांच्यासमोर ठेवली, कोरणीच्या फटक्यांची सवय, शाळेतल्या मशीनची ओळखीची खोड, कोण कोणाशेजारी बसत होतं हे विचारलं, तर काही चिठ्ठ्या बदलता येतील. हे काम या काही वर्षांतच होऊ शकतं, आणि त्यासाठी लागणारा पैसा एखाद्या प्रदर्शनाच्या चकचकीत कॅटलॉगच्या खर्चातून सहज निघेल.